घरटी एक फोन

हिरकणीवाडीत माझ्या धाकट्या मावशीचं जेवणाचं छप्पर आहे. चार बाकं, एक चूल, तांदळाची भाकरी आणि झुणका. रायगड बघायला येणारी माणसं रोपवेच्या रांगेतून सुटली की तिच्याकडे जेवतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे ताक पीत बसलो असताना एक गाडी थांबली. गृहस्थांनी काच खाली केली.

"मावशी, इथलं हॉटेल बंद झालं ना?"

"बंद कुठं? ही काय भाकरी!" तव्यावर ती नेमकी तेव्हाच फुगली होती.

"पण नकाशावर 'कायमचे बंद' दाखवतंय."

गृहस्थांनी फोनकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली. सज्जन दिसत होते. चुलीचा धूर त्यांच्या काचेपर्यंत गेला होता, पण धुराची कुठे नोंद नव्हती.

आठ दिवस हेच चाललं. मावशीने आपलं छप्पर नकाशावर कधी घातलं नव्हतं. कोणा पाहुण्याने ते परस्पर घातलं आणि दुसऱ्या कोणीतरी परस्पर बंद केलं. भाकऱ्या उरू लागल्या तशी ती म्हणाली, "हा हंगाम गेला तर बिरवाडीला लेकीकडं जाऊन ऱ्हावं लागंल. जावई चांगला हाय रे. पण दुसऱ्याच्या चुलीपाशी बसायचं म्हंजे भाजीत मीठ घालायचं तरी इचारून."

मी फोनवरूनच नकाशावाल्या कंपनीकडे तक्रार केली. कंपनीला फोन नंबर नव्हता, कचेरी नव्हती, उंबरठा नव्हता. आमच्याकडे भांडी विकायला माणूस आला तरी आधी त्याचं गाव विचारतात. ही कंपनी साऱ्या गावांचे रस्ते सांगते आणि तिचं घर कोणालाच ठाऊक नाही. उत्तर मात्र क्षणात आलं. माझं मत तिला मोलाचं वाटत होतं.

मग पोलादपूरचे एक ओळखीचे वकील गाठले. ग्राहकांच्या हक्कांवर ते शाळांतून भाषणं देतात.

"कंपनीला काही पैसे दिले होते?"

"नाही."

"मग मावशी ग्राहक नव्हेत."

"मग कोण?"

त्यांनी बराच विचार केला. "कायद्याने पाहिलं तर कोणीच नाहीत," असं सांगून त्यांनी चहा मागवला. चहाचे पैसे मी दिले. निदान त्या चहाचा तरी मी ग्राहक होतो.

शेवटी गावकी बसली. देवळासमोर सगळे जमले आणि एका परदेशी कंपनीचा निवाडा सुरू झाला.

"सरकारनं कायदा करायला पायजे."

"केला तरी वाचशील कुठं? फोनवरच ना?"

"वाळीत टाका कंपनीला!" एक म्हातारे गरजले.

"आबा, वाळीत टाकायला बंदी हाय आता."

"ती माणसांना. कंपनीला नाय."

मुद्दा बिनतोड होता. मग मी, वर्तमानपत्र वाचणारा म्हणून, सांगितलं की पुष्कळ लोकांनी 'ही जागा चालू आहे' असं कळवलं तर नकाशा बदलतो.

गावकीच्या अध्यक्षांचा चेहरा उजळला. पाणवठा साफ करायचा असो की रस्त्यावरची दरड उपसायची, आमच्याकडे घरटी एक माणूस येतो आणि न येणाऱ्याला दंड बसतो. "ठरलं," ते म्हणाले, "घरटी एक फोन."

"मुंबईला ऱ्हाणाऱ्या आपल्या मंडळालाबी सांगू. ते तिथनं दाबतील," कोणीतरी सुचवलं.

"हजर नाय त्याची हजेरी नाय," अध्यक्षांनी निकाल दिला. सगळ्यांना तो रास्त वाटला. मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशीच्या छपराखाली सारी घरं उभी राहिली. अध्यक्षांनी वहीतून हजेरी घेतली. दोघांचे फोन साधे, बटणांचे होते. दंड नको म्हणून तेही आले होते. "एक, दोन, तीन!" झालं आणि सगळ्यांनी एकदम बोट टेकवलं. बटणवाल्यांनीही काहीतरी दाबलं. त्यातल्या एकाचा फोन बायकोला लागला.

दुपारपर्यंत कंपनीचा निरोप आला. एकाच जागेवरून, एकाच क्षणी इतकी उत्तरं आल्याने प्रकार संशयास्पद ठरला होता. मावशीचं छप्पर नकाशावरून पुसून टाकलं होतं. आता तिथे नुसता हिरवा रंग होता.

"दखल घेतली!" अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

मावशी पिठाचा डबा उघडून आत किती उरलंय ते बघत राहिली. बिरवाडीचं अंतर जणू त्या डब्यातच होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. सल्ला माझा होता.

शनिवारी पुन्हा एक गाडी थांबली. आतून बाईंनी विचारलं, "मावशी, इथे जवळपास जेवायला मिळेल का हो? फोनवर काहीच दाखवत नाहीये."

मावशीने बाक पदराने पुसला. "बसा."

त्यामागून दुसरी गाडी आली, मग तिसरी. फोनने बंद म्हटलेलं लोकांना उघडं दिसत नव्हतं. फोन गप्प झाल्यावर धूर दिसला, भाकरी दिसली. दुपारी दोनला पीठ संपलं आणि मला हिरकणीवाडीभर उसनं मागत हिंडावं लागलं.

परत आलो तेव्हा फोन किणकिणला. कंपनी विचारत होती, या ठिकाणी एखादी नवी जागा तुम्हाला माहीत आहे का? मी वाचायला थांबलो तशी मावशी चुलीपासून ओरडली, "खिशात घाल तो आधी! नायतर आज तुला भाकरी नाय."

मी घातला.