मायाताईची खिडकी

अमडापुरात भित्र्या माणसांची मोजणी झाली तर पहिला नंबर महामायाचा येईल, आणि बक्षीस घ्यायला उठायलाही ती घाबरेल. कुत्र्याची भीती, कंडक्टरनं सुटे मागितले तर त्याची भीती, अवेळी फोन वाजला की कोण गेलं याची भीती. नवरा धम्मरत्न विजेची कामं करणारा. तो म्हणायचा, "खांबावर मी चढतो अन् घाम इले फुटते!"

पण याच बाईकडे, पोरांच्या मायाताईकडे, संध्याकाळी गावातली सातवी-आठवीची पोरं जमतात. दिवसा ती ब्लाउज शिवते. दिवेलागणीला मशीनवर कापड टाकते आणि समाजमंदिराचं कुलूप काढते. पोरं मजुरांची, एकर-दीड एकरवाल्यांची. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. गणित, इंग्रजी ती आपल्याला येतं तेवढं शिकवते, पण खरा तास त्यानंतर असतो. खिडकीच्या आत एक पोरगं कारकून होऊन बसतं, बाकीची बाहेर ओळीत उभी राहतात. एकेकानं पुढं यायचं, गजांतून आत बघायचं आणि मान वर करून बोलायचं. पूर्ण नाव, जन्मतारीख, कितवीत आहे, काय पाहिजे. आणि शेवटी आपण एक तरी प्रश्न विचारायचाच, त्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कारकुनानं मुद्दाम खेकसायचं. हे काम पोरं अगदी जीव ओतून करतात.

या खेळामागं तिचंच दुखणं होतं. बारावीला शाळेत पहिली आलेली महामाया तालुक्याच्या एका कॉलेजात एकटीच नाव घालायला गेली होती. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "विषय कोणते?" विषय आपणच निवडायचे असतात, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती गप्प. मागची रांग हसली. तिथून ती जी निघाली ती थेट बसस्टँडवर. घरी सांगितलं, डोकं दुखतं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि विषय कायमचा मिटला. आपल्यासारखी या पोरांची वाट खिडकीशी अडू नये, एवढंच तिच्या मनात होतं. भ्यायचं ते आत्ताच भिऊन घ्या, म्हणजे कॉलेजात भ्यायला उरणार नाही, असं तिचं गणित.

वर्षातून एकदा नवरात्रात ती 'कॉलेजचा दिवस' करायची. त्या दिवशी पोरांनी मोठं होऊन यायचं. यंदा पोरींनी हट्ट धरला, साडी नेसू. महामायाला कोण कौतुक! तिनं आयांचे ब्लाउज मागवले आणि बाजूनं टाके घालून पोरींच्या मापाचे करून दिले. आठवीतली शेषरावची छकुली आईच्या मोरपिशी साडीत खिडकीशी उभी राहिली तेव्हा महामायाचे डोळे भरून आले. तिनं फोटो काढला आणि 'माझी कॉलेजकन्या' असं लिहून स्टेटसला ठेवला. जन्मात एकदा ही बाई भ्यायचं विसरली, आणि तेच नडलं.

गावात जोड्या जुळवणारी शालूबाई तिची जुनी गिऱ्हाईक. चार दिवसांनी ती ब्लाउज न्यायला आली ती खुशीतच.

"शेषरावच्या पोट्टीचा फोटो तुह्या स्टेटसवरूनच घेतला वं. सुलतानपूरच्या पाहुण्याइले धाडला, लय पसंत पडली. रईवारी पाह्याले येऊन राह्यले."

महामाया मशीनवरून उठली. "अवं, आठवीत हाये थे!"

"फोटोत त नाही दिसत," शालूबाई म्हणाली आणि ब्लाउज घडी करून निघून गेली.

महामायानं फोटो पुसला, पण बाण सुटला होता. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. मुलांसाठी मदतीचा नंबर तिला पाठ होता. तो लावला तर गाडी येणार, सगळं गाव जमणार, आणि 'पोलीस आणणारी बाई' म्हणून एकही आई पोरीला तिच्याकडे पाठवणार नाही. नाही लावला तर छकुली जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. धम्मरत्नही गंभीर झाला. "त्याईच्या घरच्या सोयरिकीत आपन तोंड घातलं त काय होईन, तुले मालूम हाये. आपलं घर वेशीबाहेरच्या वस्तीत हाये, महामाया," तो म्हणाला. त्याला घाबरलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

तरी रविवारी ती गेली. निमित्त होतं छकुलीच्या आईचा ब्लाउज परत करायचं. टाके उसवून, इस्त्री करून तो तिनं हातात धरला होता. दारात पोचली तर पाहुणे बसलेले. मोरपिशी साडी नेसून छकुली पाटावर. ब्लाउज दुसराच, ढगळ, पाठीला पिना लावलेला. मुलाचे काका माणिकराव मधोमध आणि शेजारी शालूबाई. शेषराव भिंतीशी, मान खाली घालून.

"नाव काय, बाई?" माणिकरावांनी विचारलं.

आता बोलायचं, असं महामायानं ठरवलं. हिचं वय तेरा आहे, एवढं एकच वाक्य. पण हातातला ब्लाउज चुरगळत ती उंबऱ्यातच उभी राहिली. छकुलीनं वर पाहिलं, दारातली मायाताई तिला दिसली. मग तिनं मान वर केली आणि माणिकरावांकडे सरळ पाहिलं, गजांतून पाहायची तसं.

"माह्यं नाव छकुली शेषराव शेळके. जन्मतारीख चार मार्च, दोन हजार बारा. मी आठवीत हाये. मले कॉलेजात जायचं हाये."

तिचं अजून संपलं नव्हतं.

"सुलतानपूरहून कॉलेजची बस किती वाजता असते?"

माणिकरावांनी बोटांवर वर्षं मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. "शालूबाई, तुमी त अठरा सांगतले! उद्या कोनी खबर केली त पोरासंगं आमी बी आत." पोह्यांच्या बशा तशाच ठेवून पाहुणे उठले. शेषराव महामायाकडे वळला. "हे तुमी शिकवलं?" ब्लाउज बाजेवर टाकून ती जवळजवळ पळतच घरी आली आणि दाराला कडी घालून बसली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात एकही पोरगी आली नाही. तिसऱ्या दिवशी पोरंही नाहीत. महामाया रिकाम्या खोलीत बसून बाहेरचं प्रत्येक पाऊल ऐकत होती. कुणी शिव्या घालायला येईल, कुणी कुलूप घालायला येईल. अंधार पडता पडता खिडकीशी कुणी तरी उभं राहिलं. गजांवर दोन हात दिसले. शेषराव होता.

"फोटो पुसला काय?" त्यानं विचारलं.

"त्याच दिवशी."

"लोकाइच्या फोनात हायेच थो. शालूबाई म्हने, सोयरिकीची आखीन दोन ठिकानं हायेत." आवाज चढेल म्हणून ती वाट बघत होती, पण तो खालीच आला. "मले हौस नोयती, ताई. दिवाळी झाली की आमी दोघं ऊसतोडीले जातो. पोट्टीले संगं नेलं त शाळा जाते. घरी ठेवलं त म्हातारीले ना दिसत, ना ऐकू येत. कोनी आलं-गेलं त? झोप लागत नाही मले. वाटलं, एकडाव लगन लावून देलं म्हंजे घोर मिटते."

हा माणूसही आपल्यासारखाच भ्यालेला आहे, हे महामायाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"आमी येतवरी छकुलीले तुमच्या घरी ठेवता काय?"

शेषरावच्या घरातल्यांनी तिच्या घरचं पाणी आजवर घेतलं नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं. "गाव बोलन," तो म्हणाला. "मी त इथं नसीन. तुमालेच आयकाव लागन."

"ठेवते," महामाया म्हणाली.

भीती नेहमी तिच्या आधी पोचायची, आज मागून आली. पण आली ती सगळीच आली. शालूबाई, ती दोन ठिकाणं, गावाची तोंडं, रात्री-बेरात्रीची पावलं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये दुसऱ्याची तेरा वर्षांची पोर. तिनंही आतून गज धरले. शेषराव मात्र जागचा हलला नव्हता. त्याला अजून एक विचारायचं होतं.

"तुमच्या दाराले आतून कडी हाये ना, ताई?"

"हाये," ती म्हणाली. आणि घरी गेल्याबरोबर तिनं धम्मरत्नाला दुसरी बसवायला सांगितली.