निघोज्याच्या भिंतीवरची काकू

पुनावळ्याला बस थांबायच्या आधीच मी पिशवी पोटाशी धरून दारात उभा होतो. "मास्तर, गाडी तर थांबू द्या," असं कंडक्टर दोनदा म्हणाला, पण मला दम कुठला. इस्लामपूरच्या शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेतली. गेल्या महिन्यात मृणाल नावाच्या चित्रकर्तीची चित्रं फोनवर पाहिली आणि चाटच पडलो. तिला दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, "सर, या. निघोज्यात माणसाचं मोठं चित्र काढतेय, भिंतीवर."

सकाळचे सात वाजले होते. हायवेच्या कडेला कंपन्यांच्या बसगाड्या उभ्या होत्या आणि पहिल्या शिफ्टला उशीर झालेली माणसं धावत होती. समोर वीस-वीस मजली इमारती, आणि दोन इमारतींच्या मध्ये ज्वारीचा एवढासा तुकडा कसाबसा टिकून होता.

मृणाल तिशीची, निवृत्त इंजिनिअरची मुलगी. तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा नव्हताच, भिंतींना टेकवलेले कॅनव्हास होते. एकावर बसच्या खिडकीला डोकं लावून झोपलेला कामगार होता. चेहरा तेलरंगात, थरावर थर देत, अगदी जुन्या रीतीनं रंगवलेला. अंगातलं जाकीट मात्र गाड्यांना मारतात त्या स्प्रेनं फवारलेलं, लखलखीत. मागे ट्रकवरची अक्षरं, बसच्या पाट्या आणि मेट्रोच्या खांबांवरचे आकडे एकमेकांवर चढलेले. मी कधी चित्राला नाक लावून, तर कधी पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे जाऊन बघत होतो. तिच्या आईनं दिलेले पोहे तसेच गार झाले.

तेवढ्यात मृणालला फोन आला. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"भिंतीचे मालक, दत्ताभाऊ," ती म्हणाली. "चित्र आजच्या आज पुसा म्हणतात."

ही तिची पहिली भिंत. त्यासाठी तिनं नोकरी सोडली होती आणि बारा दिवस उन्हात परांचीवर (उंच कामासाठी बांधलेल्या बांबूंच्या मचाणावर) काढले होते. आम्ही तसेच स्कूटरवर निघालो. तळवड्याच्या पुढे नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रेलरमागे अडकलो. तिनं कचकन ब्रेक दाबला, माझ्या मांडीवरच्या तिच्या रंगांच्या पिशवीतल्या स्प्रेचं तोंड दाबलं गेलं आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर पिवळा पट्टा उमटला. खरं सांगू, मला तो आवडला.

इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि निघोज्यात शिरताच ती भिंत दिसली. मी चालत्या स्कूटरवर उभा राहायचाच बाकी होतो. दोन मजली उंच म्हातारी बाई, मांडीवर हात ठेवून बसलेली. सुरकुतीन् सुरकुती जिवंत. लुगड्याच्या काठाला रस्त्यावरच्या दुभाजकांचे पिवळे-काळे पट्टे. आणि चित्राखाली, खिळ्याला, झेंडूचा हार.

अंगणात वीसेक माणसं जमली होती. पांढरी टोपी घातलेले एक आजोबा डोळे पुसत होते. दोन बायकांच्या हातांत पिठलं-भाकरीची पाटी होती. हा कडू घास (मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीनं आणलेलं जेवण). ज्या गेल्या असं समजून तो आला होता, त्या चित्रातल्याच अनुसयाकाकू, दत्ताभाऊंच्या आई, अंगणाला लागून असलेल्या आपल्या खानावळीत उभ्या राहून कामगारांना चहा गाळत होत्या.

"इथं मोठा चेहरा लागतो तो दोनच कारणांनी," दत्ताभाऊ मृणालला म्हणाले. "वाढदिवस, न्हाईतर श्रद्धांजली. तुमी खाली शुभेच्छा लिहिल्या न्हाईत. लोकांनी काय समजायचं? मामा महाळुंग्यावरनं रडत आला, ताई."

"शुभेच्छा लिहिल्या तर तो फ्लेक्स होईल, भाऊ. चित्र राहणार नाही."

"मग पुसा. जित्या आईला हार घातलेला बघवंना मला."

शेवटी काकूंनीच गाळणं खाली ठेवलं. "मला दावलं का कुणी आजून? बारा दिस जाळी बांधून ठिवली, आन काल सोडली तवा मी भाकऱ्या थापत हुते. चला."

त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे. मग त्या बोलल्या.

"त्वांड माझंच हाय. पर अशी रिकामी कवा बसले गं मी? हात मांडीवर ठिवून माणूस मेल्यावरच बसतंय, फोटूत."

मृणालनं डोक्याला हात लावला. "मीच बसवलं होतं त्यांना तसं," ती मला हळूच म्हणाली. "कॉलेजात मॉडेलला बसवतात ना, तसं."

काकू लेकाकडे वळल्या. "दत्ता, पुसू नगं. हात तेवढे बदलू दे तिला."

"दुपारी पहिली शिफ्ट सुटंस्तोवर," दत्ताभाऊ म्हणाले. "त्यानंतर कुणी हार घिऊन आलं, तर मी सोता चुना मारीन."

काकूंनी परात बाहेर आणून अंगणात मांडी घातली आणि भाकरी थापायला घेतली. मृणालनं भराभर रेखाटनं केली, परांचीवर चढली. मी खालून कागद उंच धरून उभा. माझे दंड भरून आले, पण असा आनंद मला नोकरीत एकदाही झाला नव्हता. मांडीवरचे हात गेले, परात आली. पीठ लागलेली बोटं आली, आणि तळव्याखालची भाकरी तिनं स्प्रेच्या एका फवाऱ्यात गोल केली.

तीन वाजून गेले. सुटलेल्या शिफ्टच्या बसगाड्या येऊ लागल्या. दत्ताभाऊ हात बांधून रस्त्याकडे बघत उभे होते. एक बस भिंतीसमोर मंदावली. खिडकीतून एका कामगारानं डोकं बाहेर काढलं आणि भिंतीकडे बघूनच विचारलं, "काकू, आज भाजी कुठली?"

"वांगं हाय," खालून काकू म्हणाल्या.

दत्ताभाऊंनी जाऊन खिळ्यावरचा हार काढला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पोचलो. बायको ओट्याशी लसूण सोलत होती. तीस वर्षं चित्रासाठी बसवलेल्या पोरांना 'हात मांडीवर, हलू नको' असं बजावणारा मास्तर मी. बायकोचं चित्र एकदाच काढलं होतं, तेही तिला खुर्चीत बसवून. मी पिशवी टाकली आणि वही उघडली.

"थांबा, हात धुऊन येते," ती म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "सोलत राहा."