काकांचा उमेदवार

आवडलेली गोष्ट केवळ आवडली म्हणून कधीही निवडायची नाही, हा नियम पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसानं इमानदारीनं पाळला असेल, तर ते म्हणजे माझ्या बायकोचे काका. ॲरिझोनातल्या चँडलर गावी एका चिप्सच्या कारखान्यात (खायच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या) त्यांनी उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर उरलेली सगळी बुद्धी घरगुती डावपेचांकडे वळवली. हॉटेलात ते स्वतःला हवं ते मागवत नाहीत; काकूंच्या ताटात काय उरेल याचा अंदाज घेऊन त्याच्याशी जुळेल असं मागवतात, आणि काकू नेमकं सगळं संपवतात. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात गोड काय असावं यावर एकदा मतदान झालं. काकांना श्रीखंड हवं होतं. पण गुलाबजामवाले जास्त, त्यांची मतं फोडायला हवीत, म्हणून काकांनी दुधीहलव्याचा गुपचूप प्रचार केला. मला दुधी लहानपणापासून घशाखाली उतरत नाही, तरी मीही दुधीला मत दिलं. प्रचार इतका उत्तम झाला की त्या दिवाळीला साऱ्या मंडळानं दुधीहलवा खाल्ला. काका वाटीकडे बघत एवढंच म्हणाले, “गणित बरोबर होतं, माणसं चुकली.”

यावरून कुठल्याही जावयानं धडा घेतला असता. मी घेतला नाही. ऑफिसात माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत, मी त्यांना रोज उठून निर्णय कसे घ्यावेत ते शिकवतो. पण काकांनी चष्मा कपाळावर सरकवून “जावईबापू, जरा बसा” म्हटलं, की माझी अक्कल बुटांबरोबर दाराबाहेर राहते. अशाच एका बैठकीत त्यांनी मला प्रायमरी समजावून सांगितली. इथं पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवत नाहीत, आधी प्रायमरीत मतदार ठरवतात. आमच्या ॲरिझोनात ज्यानं आपलं नाव एखाद्या मोठ्या पक्षाकडे नोंदवलंय, त्याला त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. ज्यानं कुठंच नोंदवलेलं नाही, त्याला दोन्हींपैकी हवी ती एक मागून घेता येते. काका आयुष्यभर एका पक्षाचे भक्त. पण याच सोयीसाठी त्यांनी त्या पक्षातून स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. पाठोपाठ मीही काढलं. कायद्यानं यात काही वावगं नाही. वावगं असतं तर मी घाबरून वाचलो तरी असतो.

त्या वर्षी राज्याच्या सिनेटमधल्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातल्या, आमच्या भागाच्या जागेची निवडणूक होती. आमच्या पक्षात एका निवृत्त मुख्याध्यापिकेसमोर कुणीच उभं नव्हतं, म्हणजे तिकडे मत देऊन उपयोग शून्य. समोरच्या पक्षात मात्र दोघं होते: एक चलाख वकील, आणि एक गाड्यांच्या काचा बसवून देणारा दुकानदार. हा दुकानदार कुठल्याही प्रश्नाला “मला माहीत नाही, बघावं लागेल” असं उत्तर देई. काकांचं म्हणणं, वकील आपल्या बाईंना पाडेल, काचवाला कुणालाच पाडू शकत नाही. तेव्हा त्यांच्या प्रायमरीत शिरून काचवाल्याला निवडायचा. जुलैच्या भाजून काढणाऱ्या उन्हात काका मंडळातल्या घराघरांत फिरले, मी गाडी चालवली. मतपत्रिका टपालानं आल्यावर आम्ही दोघांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काचवाल्यापुढचा गोल रंगवला. समोर बसून काकूंनी आपली मतपत्रिका भरली आणि मुख्याध्यापिकेला मत दिलं. त्यांना विरोधक नाही, हे मी सांगून पाहिलं. “मला त्या आवडतात,” काकू म्हणाल्या आणि पाकीट चिकटवून मोकळ्या झाल्या. आम्ही त्यांच्याकडे कौतुकानं, म्हणजे लहान मुलांकडे बघतात तसं, बघितलं.

काचवाला थोडक्यात जिंकला. आम्ही पेढे वाटले. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत आम्ही अर्थातच मुख्याध्यापिकेला मत दिलं, आणि काचवाला पुन्हा जिंकला. “मला माहीत नाही” म्हणणारा पुढारी लोकांनी प्रथमच पाहिला होता. माझ्या अमेरिकन मुलीनं ‘Good job, Dad’ म्हणून माझी पाठ थोपटली. काका म्हणाले, “आपण आणलाय, आता सांभाळायला नको?”

तेव्हापासून काचवाला लायब्ररीत घेई त्या प्रत्येक जनता-बैठकीला काका पहिल्या रांगेत बसू लागले, आणि शेजारी ड्रायव्हर म्हणून मी. काका पाण्याच्या टंचाईवर विचारत, तो माहीत नाही म्हणे, आणि पुढच्या बैठकीला खरोखर अभ्यास करून येई. काका त्याच्यासाठी चिवडा नेऊ लागले. एकदा त्यानं सर्वांसमोर काकांकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता तेव्हा, अगदी प्रायमरीपासून, या गृहस्थांनी मला मत दिलं. टाळ्या झाल्या. काकांचे कान लाल झाले. बैठक संपल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. मी हळूच दाराकडे सरकत होतो, त्यांनी माझा शर्ट धरून ठेवला.

“तुम्ही हमखास पडाल, म्हणून आम्ही तुम्हाला मत दिलं होतं,” काका इंग्रजीत म्हणाले.

तो म्हणाला, “माझ्या बायकोनं वकिलाला दिलं. तिला मी घरी हवा होतो.” आणि त्यानं चिवड्याचा डबा पुढं केला.

पुढच्या प्रायमरीत तोच वकील पुन्हा उभा राहिला. काकांनी पुन्हा समोरच्याच पक्षाची मतपत्रिका मागवली आणि पुन्हा काचवाल्यालाच मत दिलं. या वेळी त्यामागे काही नव्हतं, माणूस आवडला होता इतकंच. काचवाला पडला. मी संध्याकाळी गेलो तर काका टीव्ही बंद करून बसले होते. आजवरच्या प्रत्येक पराभवाचं त्यांच्याकडे स्पष्टीकरण असे. मी त्याची वाट पाहत बसलो.

“वाईट वाटतंय हो,” ते म्हणाले. काकूंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला.

आता काका-काकू दुसऱ्या राज्यात, फ्रीमाँटला मुलीकडे राहतात. तिथल्या असल्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, कुठून कुठं शिरायची सोयच नाही. काचवाल्याला ते दिवाळीला फोन करतात. परवा माझी मतपत्रिका आली, तेव्हा मी सवयीनं काकांना फोन लावला आणि या खेपेला कुणाला पाडायचं ते विचारलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तुम्हाला कोण आवडतो?”

मी मतपत्रिकेवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. मला हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी काकांना जरा थांबायला सांगितलं, आणि ते फोन धरून थांबले.