मामांच्या दातांमधली फट

दात खाण्यासाठी असतात, हा समज पनवेलमध्ये एकट्या माणसाने खोटा पाडला असेल, तर तो आमच्या समोरच्या विंगमधल्या मामांनी. मूळचे जवळच्याच ओवे गावचे. सोड्याची बाटली उघडणं, सुतळी तोडणं, वायर सोलणं ही सगळी कामं त्यांनी पुढच्या दोन दातांवर सोपवली होती. स्कूटर चालवताना मासळीची पिशवीसुद्धा दातांतच, कारण "हुकाला लावली का गाडीला वास येतो." त्या दोन दातांमध्ये एक ऐसपैस फट होती आणि तिच्यातून निघणारी शिट्टी ही मामींना मारलेली हाक. लग्न झाल्यापासून मामांनी बायकोचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बाजारातून आले की खाली शिट्टी, वर मामी गॅलरीत, आणि दोरीला बांधलेली टोपली खाली.

मग एका स्पीडब्रेकरवर पिशवी सुटली आणि दोन्ही दात तिच्याबरोबर गेले. मासळी शाबूत राहिली, हे मामांनी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. त्यानंतर खालून नुसती फुंकर यायची. मामींना ती ऐकू जात नसे. मामा पिशवी घेऊन जिने चढत. मी म्हटलं, "नावाने हाक मारा की." तर म्हणाले, "या वयात? लोका काय बोलतील?"

न विचारता सल्ला देणं हा माझा जुना छंद. मीच त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जबड्यात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावायचं ठरलं. भोक पाडायचं मशीन सुरू होताच मामांनी हात वर केला. "बाय, उलव्याला टॉवर बांधतात तसा पाया खनतेस काय?"

स्क्रू हाडात धरेपर्यंत काही महिने गेले. मग माप घ्यायच्या दिवशी, मामांच्या तोंडात मापाचा मसाला भरलेला असताना, बाईंनी विचारलं, "आधी मध्ये फट होती का?"

"होती," मीच सांगून टाकलं, "पण बुजवा. रुबाबदार दिसतील."

मामांनी घशातून मोठा आवाज काढला. मी तो आनंदाचा समजलो.

दात सुरेख आले. शिट्टी आली नाही. मामा कोळंबीची पिशवी घेऊन खाली उभे, फुंकून फुंकून लाल झालेले. मी धीर द्यायला गेलो.

"भाच्या, तू गप ऱ्हा. तू बोललास म्हनून ही येल आली." त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, "सुगंधाऽऽ!"

सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. मामी ओल्या हातांनी धावत गॅलरीत आल्या. "कोन गेला?"

"कोन नाय गेला. कोलंबी हाय."

बाई दात जरा घासून फट परत करून द्यायला तयार होत्या. मामा निघालेही होते. मामी दारात आडव्या आल्या. "ऱ्हाऊ दे. हायत तेच बरे हायत."

आता संध्याकाळी खालून हाक येते. मामी आधीच गॅलरीत असतात, वाळत घातलेल्या लुगड्याच्या आड. माझ्या खिडकीतून दिसतात. पण दुसरी हाक आल्याशिवाय टोपली खाली येत नाही.