वाळवंटासमोरची दोरी

प्रिय ईरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, एवढ्या छान पेंटिंगसमोर कपड्यांची दोरी कशाला बांधलीय?" आजोबा शेजारीच होते, म्हणून मी विषय बदलला. मी हा किस्सा सांगायला लागले की ते मध्येच बोलतात आणि सगळा क्रम बिघडवतात. आज पावसाने उघडीप दिलीय, ते रिक्षा करून वडिवळ्याला भातखाचरांची स्केचेस करायला गेलेत. तेव्हा निवांत लिहिते.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी आयुष्यभर शाळेत फिजिक्स शिकवलं. मैत्रिणी प्लँचेट करायच्या, तेव्हा वाटी नेमकं कोण ढकलतंय ते मी दाखवून द्यायचे. तरीही...

आजोबांचा जन्म मावळातला, पण वेड वाळवंटाचं! तरुणपणी एकदा जैसलमेरला गेले आणि तिथलं ऊन डोक्यात घेऊनच परतले. मग दर हिवाळ्यात ईझल आणि छत्री घेऊन वाळूत जाऊन बसायचे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ते जाणं बंद झालं. तेव्हा इथे, कुसगावच्या घरात बसून, त्यांनी हॉलमधलं ते मोठं चित्र आठवणीतून काढलं. वाळूच्या टेकड्या, एक खेजडीचं झाड आणि भर दुपार.

पण त्यांचं समाधान होईना. "अगं, ह्यात ऊनच नाहीये. नुसता पिवळा रंग आहे."

"मला तर छान वाटतंय."

"तुला छान वाटतंय म्हणजे नक्कीच बिघडलंय!"

शेवटी आषाढातल्या एका दुपारी त्यांनी जाहीर केलं, उद्या ह्याच्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारतो. वर एखादा धबधबा काढीन, लोणावळ्यात लोकांना धबधबेच लागतात. "माझं वाळवंट संपलं," असं हसत म्हणाले खरे, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत. मला चित्रापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. ते चित्र पुसलं की हा माणूस पुन्हा ब्रश हातात घेणार नाही, हे मला दिसत होतं.

आता, इथला पाऊस तुम्ही अनुभवलेला नाही. खिडकी उघडी राहिली की ढग सरळ घरात येतो. मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, आणि कपडे? ते वाळतच नाहीत. म्हणून घरभर दोऱ्या. त्या संध्याकाळी सगळ्या दोऱ्या भरल्या, तेव्हा मी एक हॉलमध्ये बांधली आणि तिच्यावर ओली चादर टाकली.

आजोबा कडाडले, "माझ्या वाळवंटासमोर चादर?"

"उद्या पांढरंच करणार आहात ना? मग आजची रात्र चादर राहू दे की!"

सकाळी मी चादर काढायला गेले, तर चित्राकडचा अर्धा भाग कडकडीत वाळलेला. एप्रिलमध्ये गच्चीवर वाळतो तसा, हाताला गरम! दोरीच्या अलीकडचा, खोलीकडे असलेला अर्धा मात्र ओलागच्च.

तेवढ्यात शेजारची शेवंता दूध घेऊन आली. तिने चादर गालाला लावली. "अगं बया! बाई, हिनं तर ऊन खाल्लंय!"

"आणि ही बाजू ओली कशी?"

"मग परता की, भाकरी परतत्यात तशी!"

आम्ही चादर परतली. जेवणाच्या वेळेपर्यंत दुसरी बाजूही वाळली.

मी भिंत तपासली. मागे नुसता जिना आहे, ना गीझर, ना वायर. थर्मामीटर लावलं, बाकीच्या खोलीइतकंच तापमान. मग चित्र बेडरूममध्ये नेलं. आता बेडरूममधले कपडे वाळायला लागले आणि हॉलमधले ओलेच राहिले! परत आणून लावलं.

दुसऱ्या सकाळी शेवंता दूध घेऊन आली, तेव्हा आजोबा पांढऱ्यात बुडवलेला ब्रश धरून उभे होते. थेंब फरशीवर पडत होते. हळूच त्यांनी चित्रासमोर तळहात धरला, शेगडीसमोर धरतात तसा.

"ऊन आहे गं ह्यात," म्हणाले. मग ब्रश धुवायला गेले.

शेवंता मागून ओरडली, "आबा, ऊन हायेच, तर आमच्या नातवाची दुपटी आणू का? न्हाई म्हणू नका, लय साचल्यात!"

त्या पावसाळ्यात निम्म्या आळीचे कपडे आमच्या हॉलमध्ये वाळले. आजोबा चित्रासमोर खुर्ची टाकून सूचना देत बसायचे, "ते दुपटं सरकवा, झाड झाकतंय!"

माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी विचारलं. एकीने ह्युमिडिटीवर लांबलचक मेसेज पाठवला, दुसरीने माझं वय विचारलं. मला स्वतःला आजही कारण सापडलेलं नाही. फिजिक्सच्या बाईला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे ते आहे.

आजोबांनी त्यानंतर बरीच वाळवंटं काढली. त्यातल्या एकासमोरही साधा रुमाल वाळत नाही, मी करून पाहिलंय. ते पहिलं चित्र मात्र अजून हॉलमध्ये आहे. दोरीही आहे. सकाळी तिच्यावर टाकलेले आजोबांचे मोजे आत्ताच काढून आणले, ते गरम आहेत.

तुमची,
आजी