तटस्थांच्या ऑफिसात

ज्याला ऑफिसातलं काहीच बाहेर बोलायची परवानगी नसते, त्याच्याकडे किस्से सगळ्यात जास्त साठतात. मी सॅन फ्रान्सिस्कोत, युरोपातल्या एका छोट्या तटस्थ देशाच्या कॉन्सुलेटमध्ये काम करते. देशाचं नाव विचारू नका, मला नोकरी टिकवायची आहे. यंदा तर तोच मोठा घोर होता. जगभरातली ऑफिसं कमी करायची म्हणून राजधानीत खलबतं चालली होती, आणि पहिला नंबर आमचा होता. बंद झालं असतं तर मी घरी बसले असते आणि आमचे कॉन्सुल जनरल, म्हणजे साहेब, मुदतीआधीच निवृत्त झाले असते.

*

माझ्या इंटरव्ह्यूत साहेबांनी एकच प्रश्न विचारला. दोन बाजूंच्या मधे उभं राहायचा अनुभव आहे का? मी म्हटलं, माझ्या बाळंतपणाला आई आणि सासूबाई एकदमच क्युपर्टिनोला आल्या होत्या. स्वयंपाकघर एक आणि डिंकाच्या लाडवांची मतं दोन! तरी दोघीही खुशीत परत गेल्या.

साहेब म्हणाले, "सोमवारपासून या."

*

आमच्या ओळखीचे देशपांडे काका रिटायर्ड डॉक्टर आहेत. सगळी हयात ग्रीन कार्डवर काढली, पण भारतीय पासपोर्ट सोडला नाही. त्यामुळे फिरायला जायचं तर त्यांना आमचा व्हिसा लागतो. खिडकीत मी दिसल्याबरोबर काका रांग सोडून थेट पुढे आले आणि हळूच म्हणाले, आत जरा शब्द टाक.

मी म्हटलं, "काका, आमचा देश तटस्थ आहे. इथे सगळे सारखे."

"देश असेल तटस्थ," काका म्हणाले, "पण तू तर कोथरूडची ना?"

व्हिसा नियमानेच मिळाला. काका मात्र आमच्या मराठी मंडळात अजून सांगतात की पोरीने काम केलं.

*

दोन देशांचं बोलणं बंद झालं की त्यांचे निरोप आमच्या वकिलातींमार्फत जातात. साहेब हे मोठ्या अभिमानाने सांगत होते. मी म्हटलं, यात नवीन काय? मंडळाचे दोन माजी अध्यक्ष दिवाळीच्या हॉलवरून भांडले, तेव्हापासून त्यांचा अबोला आहे. एकाच टेबलावर जेवतात, पण लोणचं हवं असलं तरी मधल्या माणसाला सांगतात.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "मग मधे वकिलात कुणाची?"

"दोघांच्या बायकांची. सख्ख्या बहिणी आहेत."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

राष्ट्रीय दिनाच्या पार्टीला मी आग्रहाने बटाटेवडे ठेवले. वडे असे उडाले की बघत राहावं! शेवटी बशीत एकच उरला, आणि ज्यांच्या देशांचं आपसात अजिबात पटत नाही असे दोन पाहुणे त्याच्याकडे एकदमच वळले. दोघांचेही हात हवेत थांबले.

साहेब शांतपणे पुढे आले, वडा उचलला आणि स्वतःच खाऊन टाकला. वर चटणी कुठे आहे म्हणून विचारलं.

*

आणि मग ती मीटिंग आली. जगभरातले आमचे सगळे राजदूत आणि कॉन्सुल स्क्रीनवर जमले होते. ठराव एकच, सॅन फ्रान्सिस्कोचं ऑफिस बंद करावं. मी साहेबांच्या शेजारी बसले होते.

अध्यक्षांनी विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण? स्क्रीनवर कुणी हललं नाही. कुणाच्या तरी घरावर नांगर फिरवायला पुढे कोण येणार?

विरोधात कोण? पुन्हा तेच. आणि माझ्या शेजारून एक हात वर गेला.

तटस्थ कोण? टोकियोपासून नैरोबीपर्यंत हातच हात! अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जाहीर केलं की बाजूने शून्य, विरोधात एक, बाकी सगळे तटस्थ. ठराव फेटाळला गेला.

मला रडूच फुटलं. अख्ख्या नोकरीत या माणसाने चहा की कॉफी एवढंसुद्धा कधी स्वतः ठरवलं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही बाजू घेतलीत!"

"छे," कॅमेरा बंद करत साहेब म्हणाले, "मी कान खाजवत होतो."