अर्धी अर्धी गोळी

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी मनकर्णा अडकित्ता घेऊन दाराआड बसायची. कट् असा बारीक आवाज व्हायचा. नवरा कारभारी अंथरुणातूनच म्हणायचा, "पान न्हाई, चुना न्हाई, नुसती सुपारीच कशी गं ग्वाड लागती तुला?"

अडकित्त्यात सुपारी नसायचीच. क्षयाची पांढरी गोळी असायची. अर्धी ती स्वतः गिळायची, अर्धी लेकीच्या, चांगुणाच्या तळहातावर ठेवायची.

बहात्तर सालच्या थंडीत बेलापूरच्या त्या घरात मनकर्णाच्या थुंकीतून रक्त पडलं. दवाखान्यात दोन महिने रोज सुई टोचली. कान गुणगुणू लागले, पण खोकला बसला. पुढं दीड वर्ष रोज एक गोळी, असं डॉक्टरांनी बजावलं. गालांवर मांस धरू लागलं आणि चांगुणा खोकायला लागली.

तिची सोयरीक नेवाशाकडं जमली होती. मुलीला क्षय आहे हे कळतं तर ती मोडली असती, आणि पुन्हा कुणी त्या दाराची पायरी चढलं नसतं. मनकर्णानं नवऱ्यालाही सांगितलं नाही. भाकरी कमी पडली की मायलेकी ती मोडून खात आल्या होत्या. अर्ध्या भाकरीनं अर्धं तरी पोट भरतं. औषधाचंही तसंच असणार, असं तिला वाटलं.

दहा महिन्यांनी मनकर्णाच्या थुंकीतून पुन्हा रक्त पडलं. गोळ्या देणाऱ्या दया सिस्टर घरी आल्या.

"गोळ्या चुकवल्यात ना?"

"येक दिस न्हाई चुकला, शिष्टरबाई. लेकीची आन."

तेवढ्यात आतून खोकला आला. सिस्टर आत गेल्या. चांगुणानं सगळं सांगून टाकलं.

"अहो बाई, प्रसाद आहे का हा, वाटून खायला?" बाहेर येऊन त्या ओरडल्याच. "अर्ध्या गोळीनं रोग मरत नाही, मुरतो!"

"मंग तिचं?" मनकर्णानं एवढंच विचारलं.

चांगुणाच्या नावानं वेगळा कागद निघाला, सुया सुरू झाल्या. तिचा रोग अजून औषधाला दाद देत होता. मनकर्णाच्या छातीला मात्र ती गोळी आता लागू पडेना. आई आजारी आहे, लग्न वर्षभर लांबवू, असा निरोप कारभारीनं नेवाशाला धाडला. तो निदान खोटा नव्हता. तिकडचे लोक थांबले.

पुढच्या पौषात मनकर्णा गेली. त्या दुपारी चांगुणा तिच्या उशाशी बसून गोळी घेत होती. मनकर्णानं खुणेनं तिला तोंड उघडायला लावलं, जिभेखाली काही राहिलं नाही ना ते बघितलं. मग धाप आवरत म्हणाली, "पानी अजून पी वाईच. आन् ती शेळी उन्हात हाय, सावलीला बांध तिला."